तीन शिवणी मिळतात तिथं

उस्ताद टेपनं माप घ्यायचा नाही. त्याच्याकडं सुतळीचा एक तुकडा होता, त्याला गाठी मारलेल्या, आणि कुठली गाठ कशाची हे त्याला एकट्यालाच ठाऊक. ट्रकचा ड्रायव्हर सीट करून घ्यायला आला की उस्ताद त्याला आधी जुन्याच सीटवर बसवायचा आणि स्वतः केबिनच्या दाराशी उभा राहून बोलत राहायचा. गाव कुठलं, आज चाकणला कांदा काय म्हणतो, म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का. ड्रायव्हर सुरुवातीला ताठ बसायचा, फोटोला बसल्यासारखा. दहा मिनिटांनी त्याची पाठ सैल व्हायची, एक गुडघा बाहेर पडायचा, माणूस डाव्या कुल्ल्यावर कलायचा. तेवढ्यात उस्ताद खडूच्या चार रेघा मारून मोकळा.

"पाव्हण्यावानी बसलेल्याचं माप खोटं असतंय," तो म्हणायचा. "दमून बसला की खरं."

कुणी घाई केली तर त्याचं काम तो घ्यायचाच नाही. एकाला त्यानं तोंडावर सांगितलं होतं, तुला सीट नको, तुला स्टूल पाहिजे, ते पुढच्या दुकानात मिळतं. आणि हा माणूस स्वतः कशावर बसायचा? तर तेलाच्या उपड्या डब्यावर, वर एक पोतं टाकून. त्याच्या हातच्या सीटवर बसून लोक कन्याकुमारीला जाऊन आले, पण तो डबा त्यानं सोडला नाही.

तळवड्याहून चाकणकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं पत्र्याचं शेड होतं. अर्धं माझं, अर्धं त्याचं, मधे भिंत नाही. सीटची लोखंडी फ्रेम मी वेल्डिंग करून द्यायचो, वरचा फोम आणि रेक्झिनची खोळ तो करायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, हाडं मावळ्याची, कातडं उस्तादचं. मावळ्या हे नाव त्यानंच मला पाडलेलं. मी इथलाच, मावळातला. तो लातूरकडचा, दोन वर्षं राहतो म्हणून आला आणि उभा जन्म इथं काढला. तीस वर्षांत मला त्याचं 'कामून' सोडवता आलं नाही आणि त्याला माझं 'व्हय-न्हाई'.

भांडण आमचं रोजचं होतं आणि ते एकाच गोष्टीवरून. मी जोड मारला की ग्राइंडरनं घासून, वर रंग मारून असा करायचो की जोड कुठं आहे ते माझं मलासुद्धा सापडू नये. माझं म्हणणं, जोड दिसला म्हणजे कारागीर कच्चा. हेच मी आजही म्हणेन. उस्ताद उलटा. काळ्या रेक्झिनवर तो पांढरा दोरा घालायचा. शिवण वरून, ढळढळीत, दहा फुटांवरून दिसेल अशी. एक केसभर वाकडी गेली तरी सगळ्या जगाला कळावं. एका ट्रॅव्हल्सवाल्यानं आतून चोरशिवण मागितली, तर उस्तादनं त्याला तासभर ऐकवलं. चोरशिवण कुणी बघत नाही, म्हणून ती आधी उसवते. दिसणाऱ्या शिवणीवर माणसाचा डोळा असतो, ती एक टाका सुटली की लगेच दुरुस्तीला येते. ट्रॅव्हल्सवाला कंटाळून म्हणाला, पांढरी तर पांढरी, पण गाडी सोड.

एका गोष्टीवर मात्र आमचं भांडण नसायचं. सकाळी दहाला मी तंबाखू मळायचो. चुना लावून, अंगठ्यानं रगडून, थापटून. दोघांची एकदम. उस्ताद मशीनवरून मान वर न करता डावा हात मागं करायचा, मी त्यात अर्धी ठेवायचो. मशीन थांबायचं नाही. तीस वर्षांत तो हात एकदाही पुढं-मागं झाला नाही आणि मीही कधी चुकलो नाही. गणपतीत नाही, संपात नाही, माझा भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या आठवड्यातसुद्धा नाही.

तेव्हा तो लई जाड होता. वजनकाट्यावर चढायचा नाही, पण कांद्याच्या आडतीतल्या काट्यावर एकदा हमालांनी मस्करीत चढवला, तर तीन पोत्यांना थोडंच कमी भरला. त्याला त्याचं काही नव्हतं. उलट तो ते कामाला लावायचा. सीट तयार झाली की पहिल्यांदा स्वतः बसायचा, तीनदा उठून तीनदा आदळायचा. फ्रेम कुरकुरली तर माझ्याकडं बघायचा, शिवण कुरकुरली तर स्वतःकडं. "ह्या बुडाखाली टिकलं ते गाडीसंगं जातंय," म्हणायचा. दुसऱ्या कुठल्या दुकानाकडं असलं मशीन नव्हतं.

त्या मशीननंच घात केला. एका ट्रेलरची सीट बसवून झाली, उस्ताद तपासायला वर चढला, बसला, आणि स्टेअरिंग आणि पाठीच्या मधे अडकला. पुढं नाही, मागं नाही. सीट सरकवायची कळ त्याच्याच खाली दबलेली. ड्रायव्हर हसला, मग रस्त्यावरचे चार हसले. मी पान्हा घेऊन केबिनमध्ये शिरलो आणि मीच बसवलेली सीट बोल्ट काढून मीच खाली घेतली, उस्तादसकट. तो खाली उतरला. घाम पुसला आणि डब्यावर जाऊन बसला. त्या दिवशी दहा वाजून गेले होते, तरी मी पुन्हा मळली. त्यानं हात मागं केला, पण उशिरा.

दुसऱ्या दिवसापासून तो चालत यायला लागला. सुतळीला त्यानं एक नवी गाठ मारली, भाकरीची. तेवढ्या घेराची एक, दुपारी. एक संध्याकाळी. त्याची लेक तळवड्याच्याच एका आयटी कंपनीत कामाला, तिनं डॉक्टर बघून दिला, कागदावर खाणं लिहून घेतलं. कागद त्यानं फ्रेम करून घरी लावला आणि खाल्लं सुतळीच्या मापानंच. दोन-अडीच वर्षांत निम्मा झाला. मी थट्टेनं म्हणत होतो, पण खरंच निम्मा. सीट तपासायला मग आम्ही कांद्यानं पाऊण भरलेली दोन पोती आणून ठेवली. तो बसायचा आणि मांडीवर दोन्ही पोती घ्यायचा. कांद्याच्या वासानं ड्रायव्हर वैतागायचे.

लोकांना वाटलं आता सगळं झालं. झालं नव्हतं. माणूस गेला आणि खोळ तेवढीच राहिली. सदरा घातलेला असताना कळायचं नाही. एकदा उन्हाळ्यात नळाखाली हात-पाय धुताना त्याचा बनियन वर झाला आणि मला दिसलं. पोटाचं कातडं घड्या पडून मांडीवर लोंबत होतं, रिकाम्या झोळीसारखं. घडीच्या आत लाल, ओलं, जखमा. पावसाळ्यात त्यातून पाणी यायचं आणि वास यायचा, म्हणून तो माझ्यापासून लांब बसायला लागला होता. मला वाटत होतं रुसलाय. अस्तराच्या कापडाचा त्यानं एक पट्टा शिवला होता, त्यात ते सगळं वर उचलून बांधायचा, तरी मशीनवर वाकला की ते मशीनच्या कडेत सापडायचं. मग काम थांबायचं. उस्तादचं मशीन थांबतं, हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

लेक मागं लागली. शहरातल्या एका हॉस्पिटलात असलं ढिलं कातडं काढून शिवायच्या कामाच्या एक बाई डॉक्टर होत्या, तिकडं घेऊन गेली. मीही गेलो. उस्तादनंच नेलं, म्हणाला, "माझं कातडं कापायलेत आणि तू घरी बसून काय करायलास?"

बाई तरुण होत्या, पस्तिशीच्या असतील. त्याला काका म्हणाल्या आणि मला आजोबा. त्याच्यापेक्षा मी बारा वर्षांनी मोठा आहे हे खरं, पण ते सांगायची काही गरज नव्हती. त्यांनी वजन आता पुढं हलत नाही ना ते विचारलं, लेकीनं आठ महिन्यांचे आकडे दाखवले. मग बाईंनी कागदावर तीन माणसं काढली, डोक्याशिवाय.

पहिल्याला खाली एक आडवी रेघ, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत, चड्डीच्या आत झाकली जाईल अशी. त्यातून वरून खालचं ढिलं कातडं निघतं, पण आडवं ढिलं तसंच राहतं. कुशीला आणि बेंबीच्या वर पिशव्या राहतील. दुसऱ्याला तीच आडवी रेघ, आणि छातीच्या हाडाखालून सरळ खाली येऊन तिला मिळणारी एक उभी. दोन्हीकडून आवळलं जातं, पोट सपाट होतं, पण उभी खूण जन्मभर समोर दिसते. तिसऱ्याला रेघ कमरेभोवती पूर्ण, करदोट्यासारखी. पाठ-कुशी सगळं निघतं, पण ऑपरेशन मोठं, रक्त जास्त जाणार. काकांच्या वयाला आणि शुगरला ती नको, असं त्यांचं मत. पहिल्या दोनांतलं काय ते तुम्ही ठरवा, म्हणाल्या. बेंबी तिथंच राहते, वरच्या कातड्याला तिच्यासाठी नवीन भोक पाडतात.

"म्हंजी काज," उस्ताद म्हणाला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदा बोलला.

बाहेर आल्यावर मी माझं सांगून टाकलं. आडवी घे, खालची. चड्डीत झाकली जाते, कुणाच्या बापाला कळायची न्हाई. उभी घेतलीस तर जन्मभर पोटावर चेन लावल्यावानी दिसंल. तो म्हणाला, राहिलेल्या पिशव्यांचं काय करू, त्यात कांदे भरू? मी म्हणालो, राहू दे थोडं ढिलं. तो माझ्यापुढं चार पावलं चालायला लागला. थोडं ढिलं राहू दे, हे मी कुणाला सांगितलं होतं ते माझ्या नंतर ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवलं. फोमच्या लादीतून तीन पोटं कापली. छातीपासून मांडीपर्यंत, मधे वाकतील अशी. प्रत्येकावर रेक्झिनची मोठी ढगळ खोळ चढवली आणि एकेक शिवणीनं आवळली. एक आडवी, एक उभी-आडवी, एक गोल. पांढऱ्या दोऱ्यानं. तिन्ही पोटं फळीवर ओळीनं मांडली. येणारे-जाणारे विचारायचे हे काय. तो सांगायचा, माझंच आहे, कुठलं बरं दिसतं? एक ड्रायव्हर म्हणाला तिसरं. उस्ताद म्हणाला, त्याला रक्त लई लागतंय. ड्रायव्हर परत आला नाही.

मग तो एकेक पोट डब्यावर ठेवून वाकवायचा. बसल्यासारखं, मशीनवर झुकल्यासारखं. पहिलं वाकवलं की वरच्या बाजूला दोन्हीकडं फुगे यायचे. मला ते दिसत होतं, पण मी म्हणालो चालतंय की. दुसरं वाकवलं की सपाट राहायचं, पण जिथं उभी शिवण आडवीला मिळते तिथं रेक्झिन ताणून पांढरं पडायचं. त्या जागेवर तो बोट फिरवत बसायचा. दोन शिवणी नुसत्या मिळाल्या तर काही नाही, पण उभी आडवीला येऊन भिडली की तिथून तीन वाटा फुटतात आणि ओढ तिन्हीकडून लागते. सीट फाटते ती इथंच. हे त्यानं मला वीस वर्षं सांगितलं होतं, आता ते त्याच्या पोटावर यायचं होतं.

तिन्ही पोटं पोत्यात घालून आम्ही परत बाईंकडं गेलो. लेक म्हणत होती, पप्पा, नका हो, हसतील त्या. बाई हसल्या नाहीत. दुसरं पोट त्यांनी टेबलावर घेतलं, वाकवलं आणि उस्तादचं बोट जिथं जायचं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"इथंच भरून यायला वेळ लागतो, काका. कधी कधी उघडतं. म्हणून मी इथं टोकदार कापत नाही. खालच्या बाजूला कातड्याचा एवढा त्रिकोण सोडते आणि उभी शिवण त्यावर आणून बसवते. ओढ कमी होते."

उस्तादनं खिशातून खडू काढला आणि रेक्झिनवर त्रिकोण काढला. "असा?"

"थोडा लहान."

त्यानं पुसून लहान काढला. "आमी याला कळी म्हणताव. हे तुमाला कुणी शिकिवलं?"

"माझ्या सरांनी."

"मला माझ्या सासऱ्यानं," उस्ताद म्हणाला, आणि लेकीकडं वळून सांगितलं, हीच. उभी-आडवी. मग बाईंना म्हणाला, पण खुणा करताना मला बसवून बघायचं. बाई म्हणाल्या, खुणा उभं करूनच करते, पण बसवते, वाकवतेही. तो म्हणाला, थोड्या गप्पा मारा आधी.

निघताना बाईंनी एकच अट घातली आणि ती आम्हा दोघांकडं बघून घातली. तंबाखू बंद. बिडी, मिश्री, मळलेली, कुठलीच नको. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि जखम भरेपर्यंत नंतरही. तंबाखूनं कातड्याच्या रक्ताच्या नळ्या आवळतात, आणि त्या तिठ्यावर रक्त पोचलं नाही तर तिथलं कातडं काळं पडून उघडतं. मी ऐकलं. चांगलं ऐकलं. माझे कान तेव्हा शाबूत होते.

उस्तादनं त्याच दिवशी सोडली. मी दुसऱ्या दिवशी दहाला नेहमीसारखी दोघांची मळली, कारण हाताला एकाची मळता येत नव्हती. त्याचा हात मागं आला नाही. मी सगळी एकट्यानं दाढेला धरली आणि मला गरगरलं. असे पंधरा-सोळा दिवस गेले. मशीन चालू, हात पुढंच. आता खोटं कशाला लिहू, मला राग यायचा. त्याचा नाही, बाईंचाही नाही. एवढी वर्षं जी गोष्ट दोघांची होती ती तिसऱ्यानं येऊन बंद केली, याचा. आणि मनात पक्कं, की मी पन्नास वर्षं खातोय, माझं कुठलं कातडं काळं पडलं?

एक दिवस तो मशीनवर नुसता बसून होता. सुईत दोरा ओवलेला, खाली रेक्झिन, पाय पायडलवर, आणि चालवत नव्हता. तारीख जवळ आली होती. मी विचारलं काय झालं. म्हणाला, "काही न्हाई. कापल्यावर परत जोडायचं असतंय, तेवढं ध्यानात आलं."

मी मळली, थापटली आणि हात पुढं केला. म्हणालो, "चावायची न्हाई, नुसती दाढंला धर. ती सिगरेटवाल्यांचं म्हणत हुती."

बाई काय म्हणाल्या होत्या ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्यानं थोडा वेळ माझ्या हाताकडं बघितलं. मग घेतली. मशीन सुरू झालं. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी दोन फ्रेम जास्त केल्या.

त्यानंतर रोज दहाला, ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत.

भरती झाल्यावर बाई खोलीत आल्या, त्याला उभं केलं, बसवलं, वाकवलं, निळ्या पेननं पोटभर रेघा मारल्या. तो गप्पा मारत होता, लातूरला पाऊस कधी पडतो ते सांगत होता. बाहेर पडताना त्यांनी दारात मला गाठलं.

"आजोबा, काकांनी तंबाखू सोडली ना? खरं सांगा. नसेल तर मी तारीख पुढं ढकलीन, त्यात काही बिघडत नाही."

मी म्हणालो, सोडली. पुढं असंही म्हणालो की माझ्यासमोर सोडली. जोड घासून वर रंग मारला.

ऑपरेशन चांगलं झालं. चार दिवसांनी पोटाला लावलेल्या नळ्या काढल्या, आठ दिवसांनी तो वाकूनच घरभर फिरायला लागला. ताठ व्हायचं नाही असं सांगितलेलं. मी गेलो की म्हणायचा, बघ, जन्मात पहिल्यांदा कुणापुढं वाकलो. दहाव्या-अकराव्या दिवशी तिठ्यावर काळं पडलं आणि मग उघडलं. रुपयाएवढं आधी, पुढं त्याहून मोठं. रोज ड्रेसिंग. लेकीनं कंपनीतून घरून काम मागून घेतलं. एक नाही, दोन नाही, पुरे तीन महिने. वेदना काय होत्या ते त्यानं सांगितलं नाही, पण ड्रेसिंगला माझा हात धरायचा आणि माझी वेल्डरची बोटं दुखायची.

एका ड्रेसिंगला बाईंनी विचारलं. चिडून नाही, हळूच. "काका, तंबाखू झाली होती का?"

मी तिथंच, त्याच्या उशाशी. माझा हात त्याच्या हातात. मला वाटलं आता तो माझ्याकडं बघणार. तो छताकडं बघत म्हणाला, "बाई, तुमची शिवण एक नंबर. कापड जुनं होतं."

तेव्हा मला बोलता आलं असतं.

तो शेडवर परत आला त्या दिवशी दहा वाजले. मी पुडी काढली नव्हती. ड्रेसिंग सुरू झाल्यापासून मी तिला हात लावला नव्हता, पण हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं मशीन थांबवलं, उठून आला, माझा हात धरून उलटा केला आणि त्यात मूठभर फुटाणे ठेवले. अर्धे स्वतः घेतले. पुन्हा जाऊन बसला. तेव्हापासून दहाला फुटाणे. हात त्याचा पुढं यायचा, घेणारा मी. त्यावर आम्ही एक शब्द कधी बोललो नाही.

ती त्याची सगळ्यात चांगली वर्षं. सदरा आत खोचायला लागला. मला त्याचं हसू यायचं, साठीला आलेला माणूस शाळेच्या पोरासारखा खोचून, पट्टा लावून यायचा. मशीन पुन्हा न थांबता चालायचं. आणि पोट दाखवायची त्याला हौस. ड्रायव्हर असो, चहावाला असो, बनियन वर करून म्हणायचा, "बघ, एका रेषेत हाय का न्हाई? कुठं सुरकुती घावती का बघ." छातीपासून खाली सरळ पांढरी रेघ, बेंबीचं काज नीट बसलेलं. लोक बघायचे, मान डोलवायचे. शिवण दाखवताना त्याचा उजवा अंगठा मात्र खाली, जिथं उभी आडवीला मिळते तिथं दाबलेला असायचा. तिथं गाठीसारखं वेडंवाकडं भरलेलं होतं. मला वाटायचं, पट्टा धरण्यासाठी ठेवतो. मग एकदा मी मागं पत्र्याआड होतो आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. एका ड्रायव्हरला दाखवताना अंगठा नव्हता. तो ती गाठसुद्धा दाखवत होता, इथं उसवलं होतं, परत भरलं म्हणून सांगत होता. मी पुढं आलो तसा अंगठा खाली गेला.

चोरशिवणीला शिव्या देणारा माणूस. एवढी एक त्यानं झाकली, आणि तीही फक्त मी असताना.

पुढं शेडची जागा गेली. आता तिथं कंपनीच्या बसगाड्या उभ्या राहतात. लेक बेंगळुरूला गेली, उस्ताद लातूरकडं गावी. फोन यायचा, मी बोलायला तयार नसायचो, मला फोनवर बोलता येत नाही. तो एकटाच बोलायचा, पावसाचं, मोसंबीचं. शेवटी म्हणायचा, दहा वाजले का रे? गेल्या थंडीत तो गेला. पोटाचं काही नाही, झोपेत हृदय थांबलं. लेकीनं सांगितलं की शेवटी अंघोळ घालताना गावच्या लोकांनी ती शिवण बघितली आणि पप्पांचा घातपात झाला होता का विचारलं. ती रडता रडता हसली. मी नुसतं हं म्हणालो.

दोन महिने गेले. मग एक दिवस मी सदरा खोचला, पट्टा लावला आणि बस धरून त्या हॉस्पिटलात गेलो. बाई आता जाड झाल्या आहेत, चष्मा लागलाय. मला ओळखलं. म्हणाल्या, आजोबा, ते पोतंवाले. उस्ताद गेल्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, मग म्हणाल्या, तुम्ही इथं ठेवून गेलेलं ते दुसरं पोट अजून माझ्याकडं आहे, विद्यार्थ्यांना दाखवते.

मी म्हणालो, "बाई, तुमी इच्यारलं तवा मी खोटं बोललो. तंबाखू त्यानं सोडली हुती. मी परत दिली. आदल्या दिवसापर्यंत."

त्या म्हणाल्या, "काकांनी सांगितलं होतं मला. ड्रेसिंगच्या शेवटच्या दिवशी, तुम्ही बाहेर रिक्षा बघायला गेला होता तेव्हा. म्हणाले, मीच चोरून खायचो, त्याला काही ठाऊक नव्हतं, त्याला बोलू नका. तो लोखंडाचा माणूस आहे, त्याला वाकता येत नाही."

मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, तिथं तंबाखूशिवायही उघडतं कधी कधी, शुगर होती, नक्की कशानं ते मीही सांगू शकत नाही. चांगल्या मनानं म्हणाल्या.

"आसंल. पर दिली मी हुती. तुमच्या कागदात काय लिवलंय?"

त्यांनी संगणकात बघितलं. म्हणाल्या, पेशंटनं लपवून तंबाखू घेतली, असं आहे.

"ते खोडा. मी दिली म्हणून लिवा."

त्या समजावायला लागल्या. पेशंट राहिला नाही, फाइल बंद आहे, आता लिहून काय होणार. मी म्हणालो, मी बसतो. बाहेर दोन पेशंट थांबले होते, नर्स दोनदा डोकावून गेली. मी बसून राहिलो. पहिल्यांदा ताठ बसलो होतो, मग पाठ दमली, डावीकडं कललो. बाई माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी खालच्या कपाटातून जुनी कागदाची फाइल काढून आणवली, पेन घेतलं, आणि त्या तीन बिनडोक्याच्या माणसांच्या चित्राखाली एक ओळ लिहिली. फाइल माझ्याकडं फिरवली.

डॉक्टरचं अक्षर, तेही इंग्रजी. मला एक शब्द लागला नाही. मी त्या ओळीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरळ होती.